त्या सकाळची पाकिटं

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते. ओळ सरळ जात नाही, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला आजही ठरवता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते किराण्याची यादी करायला किंवा सही करायला. ही वही माझ्या भाचीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला आणि काय झालं तेवढं वाचा.

मी यवतमाळच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये कामाला जात होते. तिथे कपाशीचं बियाणं पाकिटात भरलं जायचं. होळीनंतर काम सुरू व्हायचं आणि मृगाच्या आधी बंद. आम्ही वीसेक बाया होतो. वरच्या मोठ्या पेटीतून बियाणं खाली यायचं, मशीन पाकीट भरून त्याचं तोंड बंद करायची, आणि पाकीट पट्ट्यावरून पुढे सरकत खोक्यापर्यंत जायचं. पाकिटांचा कागद मोठ्या रोलवर गुंडाळलेला असायचा, त्यावर आधीच सगळं छापलेलं.

बियाणं दोन तऱ्हेचं होतं. एक लवकर येणारं, ते मुरमाड, हलक्या रानासाठी. दुसरं उशिरा येणारं, ते काळ्या, भारी रानासाठी. आम्ही त्यांना नुसतं 'हलक्याचं' आणि 'भारीचं' म्हणायचो. दोन्ही पाकिटं एकाच हिरव्या रंगाची, एकाच बोंडाचं चित्र. नाव इंग्रजीत, आणि त्याखाली त्या काळ्या उभ्या रेघा. फरक तेवढाच. इंग्रजी आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हतं.

त्या वर्षी मालकांनी रेघा वाचणारं यंत्र आणलं. पट्ट्याच्या वर बसवलेलं, मुठीएवढं, लाल उजेडाचं. सुपरवायझर साहेबांनी सगळ्या बायांना गोळा करून समजावलं. ते म्हणाले की याला नाव वाचता येत नाही. याला रोज सकाळी शिकवावं लागतं की आज कोणत्या रेघा बरोबर. मग ते प्रत्येक पाकिटाच्या रेघा त्या शिकवलेल्या रेघांशी ताडून पाहतं. जुळल्या तर हिरवा दिवा आणि बारीक आवाज. नाही जुळल्या तर लाल दिवा, लांब भोंगा, आणि पट्टा आपोआप थांबतो.

शिकवायची रीत अशी. भिंतीवर एक कडक कागद लावला होता, त्यावर रेघांचे दोन ठोकळे, एकाशेजारी पिवळी टिकली, एकाशेजारी निळी. आधी हातातलं छोटं यंत्र पिवळ्यावर धरायचं, म्हणजे वरचं मोठं यंत्र शिकायला तयार होतं. मग ऑफिसातून त्या दिवसाच्या मालाचा कागद यायचा, त्यावर खऱ्या रेघा छापलेल्या असायच्या, त्यावर धरायचं. शेवटी निळ्यावर. निळ्यावर धरलं की त्याने लक्षात ठेवलं. साहेबांनी एक गोष्ट दोनदा सांगितली, शिकवायचं ते कागदावरूनच, पाकिटावरून कधी नाही.

बाया घाबरत होत्या. बिघडलं तर पगारातून कापतील, असं एकीने म्हटलं आणि सगळ्या मागे सरकल्या. मी कोपऱ्यात होते. मला चार माणसांत बोलता येत नाही. पण या कामात बोलायचं नव्हतं. पिवळा, कागद, निळा. मी पुढे होऊन करून दाखवलं. हिरवा दिवा लागला. साहेब म्हणाले, "उद्यापासून हे तुमच्याकडे." त्या दिवशी घरी येताना मी ऑटोत सगळ्या वाटेने हसत होते, हे मला आठवतं. चौथीत शाळा सोडलेली बाई, आणि मी मशीनला शिकवते.

आमच्याकडे पेरणीच्या दिवशी तिफणीला आणि बियाण्याला हळदकुंकू लावतात. शेडमध्ये आलेल्या बाया सगळ्या वावरातल्या, त्यांनी ती रीत इथेही आणली होती. नवीन माल सुरू व्हायचा त्या सकाळी पेटीला, वजनकाट्याला, पट्ट्याला बोट लावायचं. मालाच्या कागदालाही लावायचं, कारण मालाचं नाव त्यावरच असतं. साहेब पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

त्या सकाळी भारीचा माल सुरू होणार होता. कुंकू माझ्या हातात होतं. कोरडं चिकटेना म्हणून मी बोट पाण्यात बुडवलं आणि कागदाच्या मधोमध टेकवलं. मधोमध रेघा होत्या. मी पदराने पुसायला गेले तर शाई आणि कुंकू एकमेकांत पसरलं. यंत्र धरून पाहिलं. आवाजच येईना. आडवं धरलं, तिरपं धरलं. काही नाही.

ऑफिस पंधरा पावलांवर होतं. जाऊन म्हणायचं होतं की साहेब, कागद खराब झाला, दुसरा द्या. एवढंच. ती पंधरा पावलं मी गेले नाही. आत साहेबांसोबत दोन पाहुणे बसले होते, आणि कुंकू तर माझंच होतं. बाया पट्ट्याशी उभ्या होत्या, कोणीतरी म्हणालं, "कायले उशीर लावून राह्यली वं?" मशीनमध्ये रोल चढवलेला होता. पहिलं पाकीट बाहेर येऊन पट्ट्यावर पडलं होतं. मी ते उचललं. पिवळा, पाकीट, निळा. हिरवा दिवा लागला आणि पट्टा सुरू झाला.

सकाळभर एकदाही भोंगा वाजला नाही. वाजणार तरी कसा होता? ज्या पाकिटांना तपासायचं होतं, त्यांच्याचवरून मी शिकवलं होतं.

दुपारी माझा दादा आला. तो राळेगावकडच्या आमच्या माहेरच्या गावी राहतो. काही कामानं यवतमाळला आला होता. वहिनीने निरोप दिला होता की तुमच्या शेडमधून हलक्या रानाची दोन पाकिटं पाठवा, बाहेर बनावट निघतात, तुमच्या डोळ्यासमोरचं तरी खरं असेल. शेडमधल्या बायांना पाकिटं कंपनीच्या भावात मिळायची. मी भरणाऱ्या बाईला विचारलं, हे कोणतं? तिने वर रोलच्या पुठ्ठ्यावरची गोडाऊनची खडूची खूण पाहिली आणि म्हणाली, रोल तर हलक्याचाच दिसते. मला वाटलं तिची चूक होते आहे, आज भारीचं आहे. पण खोक्यावरचा मराठी शिक्काही हलक्याचा होता. साहेबांनी ऐनवेळी बदललं असेल, असं मी मनाशी ठरवलं. दोन पाकिटं घेऊन दादाला दिली. तो दोनच्या राळेगाव गाडीने गेला. सकाळची खोकी त्याच्याही आधी टेम्पोत भरून गेली होती.

जेवणानंतर रोल संपला. गोडाऊनमधून नवीन रोल आणून चढवला. पहिलंच पाकीट पुढे आलं आणि लाल दिवा लागला. भोंगा. पट्टा थांबला. दुसरं घातलं, तेच. तिसरं, तेच. बाया म्हणाल्या, गेली मशीन.

साहेब धावत आले. त्यांनी रोल पाहिला, म्हणाले, रोल तर बरोबर आहे, भारीचा. मग ते माझ्याकडे वळले. "सकाळी कागदावरूनच शिकवलं होतं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

ते ऑफिसात जाऊन नवीन कागद छापून घेऊन आले. पिवळा, कागद, निळा. हिरवा दिवा लागला, काम सुरू झालं. ते म्हणाले, सकाळी धूळबीळ बसली असेल, नीट पुसत जा. आणि गेले.

मी तिथेच उभी होते आणि मला हळूहळू कळत गेलं. आत्ताचा रोल बरोबर असेल, तर सकाळचा चुकीचा होता. कालचा उरलेला हलक्याचा रोल कोणी उतरवलाच नव्हता, आणि वरून बियाणं भारीचं येत होतं. हलक्या रानाच्या पाकिटात भारी रानाचं बियाणं गेलं होतं. हे पकडण्यासाठीच ते यंत्र आणलं होतं. बत्तीस खोकी. एका खोक्यात चाळीस पाकिटं. चौथीपर्यंतचा गुणाकार मला येतो. एका पाकिटात एक एकर.

साहेबांना तेव्हाच कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं होतं, टेम्पो गेला त्या बाजूला. एवढंच मी पाहिलं.

पेरणीला अजून दीड महिना होता. आता लिहिताना सगळ्यात जास्त हेच टोचतं. दीड महिना. त्यात कोणत्याही दिवशी मी दादाला फोन करू शकत होते, ती पाकिटं परत दे, दुसरी घे. एका वाक्याचं काम. पण ते वाक्य बोललं की त्याच्यामागून साहेबांपुढे हलवलेली मान बाहेर आली असती. मी रोज म्हणायचे, उद्या. मग म्हणायला लागले, बियाणं ते बियाणंच, उगवेलच की. मृग लागला. वहिनीचा फोन आला की कोरड्या मातीत धूळपेर नाही केली, पाऊस पाहून एकेक दाणा हाताने टोबला, आणि सगळं कसं दाणा न दाणा उगवलं.

पोळ्याला मी माहेरी गेले. वहिनी मला हौसेने वावरात घेऊन गेली. तिचं वावर टेकाडावर आहे, वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथे कपाशी माझ्या खांद्याला लागत होती. रुंद पानं, हिरवीगार. वाटेने जाणारे लोक थांबून पाहायचे. शेजारच्या धुऱ्यावरचा, बांधापलीकडचा म्हातारा म्हणाला की या टेकाडावर अशी पऱ्हाटी आपण जन्मात नाही पाहिली. वहिनी हसून म्हणाली, "आमच्या बाईच्या हातचं बियाणं हाय बाप्पा."

त्या हिरव्या रानात उभं राहून मला भीती वाटली. खरंच भीती वाटली. शेजारच्या वावरात झाडं गुडघ्याएवढीच होती पण त्यांना बोंडं धरली होती. इकडे नुसता पाला. वहिनी पानं हाताने बाजूला करून आत आत चालली होती आणि मी तिच्यामागे फांद्या चाचपत होते. पात्या, म्हणजे कळ्या, होत्या, फुलं थोडी, बोंडं कुठे एखादं. सगळे उंचीकडे पाहत होते. मी एकटीच दिवस मोजत होते.

संध्याकाळी भाची मला तिच्या कॉलेजचा कागद दाखवत होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, यवतमाळलाच. अर्धी फी दिवाळीपर्यंत भरायची होती. कापसाच्या पहिल्या वेच्यावर भरू, असं वहिनीने ठरवलं होतं. भाची म्हणाली, आत्या, मी तुमच्याकडेच राहीन. मी बरं म्हटलं.

नवरात्रात पाऊस गेला तो गेलाच. काळ्या रानात ओल टिकते, तिथे उशिरा येणाऱ्या झाडाला निभतं. टेकाडावर काय टिकणार. दसऱ्याला शेजारचं वावर पांढरं झालं. वहिनीच्या रानात आता कुठे बोंडं धरायला लागली होती, आणि पानं लाल पडू लागली. लाल्या आला असं लोक म्हणाले, खत टाका, फवारा मारा. वहिनीने फवारा मारला. मला फोनवर सांगायची, काय झालं समजत नाही बाई, झाड तर एवढं चांगलं हाय.

तेव्हापासून मला तो आवाज ऐकू येऊ लागला. मी यवतमाळला किराणा दुकानात साबण घ्यायला गेले, दुकानदाराने साबणावर यंत्र धरलं, बारीक आवाज आला, आणि मी साबण तिथेच ठेवून बाहेर आले. हिरव्या दिव्याचा आवाज. भोंग्याचं मला काही वाटत नाही. तो बारीक आवाज आला की वाटतं, पुन्हा काहीतरी चुकीचं बरोबर ठरलं. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाताना मी एसटीत खिडकीशी बसत नाही. रस्त्याच्या कडेला उंच, हिरवी, बिनबोंडाची कपाशी दिसली की ती त्या बत्तीस खोक्यांतली आहे का, असं वाटतं. प्रत्येक वेळी वाटतं. ती माणसं कोण, मला माहीत नाही. त्यांना मी माहीत नाही.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात सीतादही करतात. एका झाडाखाली पूजा मांडून दहीभात रानावर शिंपडतात आणि मग वेचायला सुरुवात होते. वहिनीचं सीतादही त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी झालं. फीची तारीख गेली होती. मी वेचायला म्हणून गेले. आम्ही दोघीच होतो, भाची शेजारच्या वावरात मजुरीने वेचत होती. दहीभात शिंपडून झाल्यावर वहिनीने कमरेला ओटी बांधली आणि चार तासं, म्हणजे कपाशीच्या चार ओळी, फिरून आली. ओटी रिकामीच वाटत होती. ती बांधावर बसली आणि तो मूठभर कापूस पाहत राहिली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कुंकवापासून सांगितलं. कागद, पाकीट, हिरवा दिवा, दुपारचा भोंगा, साहेबांनी विचारलेलं आणि मी हलवलेली मान. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता आलं नाही.  मी संपवलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"आन् मी टोबलं कवा?"

 तिला उत्तर माहीतच होतं.

"चुकी तं कोनाचीबी होते, बाई. पन मंग तुमी पोळ्याले माह्यासंग या वावरात फिरल्या. मी हसून राह्यली होती, तुमी पाहून राह्यल्या होत्या."

मी रडायला लागले आणि तिच्या पायाशी वाकले. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "रडू नोका. मले माफीबिफी नाई पाह्यजे. मले पोरीची फी पाह्यजे."

मग तिने तिथेच बसून हिशोब केला. तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नाही. ती म्हणाली, हंगाम संपू दे, शेजारच्याला याच रानात किती होतो ते पाहू. माघात तिने मला बोलावलं. शेजारच्याला दोन एकरांत अकरा क्विंटल कापूस झाला होता, तिला चार. सात क्विंटलचा फरक, चार हजारांनी अठ्ठावीस हजार. मी हो म्हटलं. तर ती म्हणाली थांबा, सात क्विंटल वेचायची मजुरी मला लागली असती, ती वजा करा. पाच हजार वजा केले. तेवीस हजार. एक रुपया जास्त नको म्हणाली. दादाला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, त्याने मला कधी काही विचारलं नाही.

निघताना तिने अजून एक विचारलं. "बाकीच्यायचं काय कराल?" मी म्हटलं, ते कोण ते मला ठाऊक नाही. ती म्हणाली, ज्याले ठाऊक हाय त्याले तं सांगा.

होळीनंतर शेड उघडलं तेव्हा मी पंधरा पावलं चालून ऑफिसात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, हे आता कुठे बोलू नका, मी पाहतो. आठ दिवसांनी मला सांगितलं की यंदा बाया जास्त झाल्या, तुम्ही येऊ नका. त्यांनी काय पाहिलं, कोणाला कळवलं का, ते मला समजलं नाही. ते यंत्र नंतर कोण शिकवतं, तेही माहीत नाही.

मग मी मिळेल ते काम केलं. जिनिंगमध्ये सरकी झाडली, पोती शिवली, हंगामात दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला गेले. घरी नवऱ्याला सांगावंच लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने त्याच्या हमालीतले पाचशे माझ्या हातावर ठेवले. महिन्याला कधी सातशे जायचे, कधी हजार, पावसाळ्यात काहीच नाही. मी स्वतः नेऊन द्यायचे, कोणाच्या हाती पाठवले नाहीत. वहिनी मोजून घ्यायची आणि भिंतीला लावलेल्या कॅलेंडरवर आकडा लिहायची. चहा द्यायची. पहिल्यासारखं बोलणं मात्र नाही. 'आमची बाई' हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

भाची एक वर्ष घरी राहिली. पुढच्या वर्षी तिला पुन्हा नंबर लागला आणि ती गेली, हॉस्टेलवर. माझ्याकडे राहायला आली नाही. रविवारी कधी यायची, जेवायची, आणि काम आहे म्हणून लवकर जायची. तिला काय माहीत होतं, हे मी विचारलं नाही. जाताना एकदा तिच्या जुन्या वह्या रद्दीत द्यायला म्हणून माझ्याकडे ठेवून गेली.

तीन वर्षं आणि वर काही महिने लागले. शेवटचे बाराशे रुपये मी वैशाखात घेऊन गेले. ऊन होतं, एसटीतून उतरून गावापर्यंत चालत गेले. वहिनी ओसरीवर तूर निवडत होती. मी पैसे दिले. तिने सूप खाली ठेवलं, नोटा दोनदा मोजल्या, आणि घरातून जुनी तीन कॅलेंडरं आणून माझ्यासमोर आकडे पहिल्यापासून जुळवले. मी ऐकत होते. कुठेही कमी-जास्त निघालं नाही.

"झाले," ती म्हणाली. "तेवीस हजार पुरे झाले."